लाकडासाठी बिट : निवड आणि धार

वसतिगृहाच्या खाटा दुरुस्त करताना काही वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. दहावीतील एक विद्यार्थी बाभळीच्या पायाला भोक पाडीत होता. बिट पुढे सरकेना, लाकडातून धूर निघू लागला, तेव्हा त्याने अंगाचा सारा भार ड्रिलवर टाकला. बिट मोडले आणि त्याचे थोटूक डाव्या तळहातात घुसले. चार टाके पडले. दोष त्याचा नव्हता. भिंतीचे बिट त्याच्या हाती देणारे आम्हीच होतो. इतिहास शिकवणाऱ्याने या विषयावर लिहावे, याचे कारण एवढेच.

भिंतीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची जाड पाती असते. ती विटेचा व काँक्रीटचा चुरा करते. लाकडाचे तंतू कापणे हे तिचे काम नव्हे. घरोघरी मात्र तेच बिट दाराच्या बिजागरीसाठीही वापरले जाते.

आज सर्वत्र दिसणारे पिळाचे बिट मूळचे धातुकामाचे. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. स्क्रूसाठी आधी पाडावयाच्या बारीक भोकांना ते लाकडातही चांगले चालते. भोकाची जाडी स्क्रूच्या आटे वगळून उरणाऱ्या गाभ्याएवढी ठेवावी, म्हणजे फळीची कड चिरत नाही. मोठ्या भोकाला मात्र हे बिट रेषेच्या ओघाने भरकटते. तेथे मध्ये अणकुची आणि कडेला दोन दाते असलेले लाकडी कामाचे बिट घ्यावे. अणकुची जागा धरते, दाते तंतू आधी कापतात, म्हणून भोकाची कड स्वच्छ राहते. रुंद, सपाट तळाच्या भोकासाठी बेंजामिन फोर्स्टनर यांचे १८७४ चे बिट अजून तोडीस तोड आहे. कपाटाच्या आतल्या बिजागरीची खळी त्यानेच पाडतात.

कोणतेही बिट आरपार जाताना मागच्या बाजूने ढलपा उडतो. मागे टाकाऊ फळी आवळावी, अथवा अणकुची पलीकडे दिसताच लाकूड उलटवून उरलेले भोक तिकडून पाडावे.

आता धार. बिटाने सलग साल काढली पाहिजे. भुकटी पडू लागली, भोक करपू लागले, की धार गेली असे समजावे. पिळाच्या बिटाच्या टोकाचा कोन बहुधा ११८ अंशांचा असतो. म्हणून बिट ग्राइंडरच्या दगडाच्या तोंडाशी ५९ अंशांवर धरावे, कापणारी कड आडवी ठेवावी आणि दगडाला टेकताच बिटाची मागची बाजू हळूच खाली न्यावी. त्यामुळे कडेमागील भाग किंचित उतरता होतो. तो उतार नसेल तर बिट कापत नाही, नुसते घासते. आमची सुरुवातीची कितीतरी बिटे याच चुकीने वाया गेली. दोन्ही कडा सारख्या लांबीच्या हव्यात; एक लांब झाली की भोक बिटापेक्षा मोठे पडते. साध्या पोलादाचे टोक निळे पडले तर पाणी उतरले. म्हणून ते वारंवार पाण्यात बुडवावे. हायस्पीड पोलाद उष्णता अधिक सोसते, पण तापलेले असताना एकदम पाण्यात घालू नये.

दात्यांचे बिट आणि जुने गिरमिट यांना ग्राइंडर लावूच नये. बारीक कानस पुरते. दाते फक्त आतल्या अंगाने घासावेत. बाहेरून घासले तर बिटाची जाडी घटते, ते भोकात आवळते आणि ती चूक परत दुरुस्त होत नाही. गिरमिटाच्या आडव्या कडा मुठीकडील बाजूनेच घासाव्यात. खालून घासल्यास उतार नाहीसा होऊन ते लाकडात शिरेनासे होते.

त्या प्रसंगानंतर आमच्या कार्यशाळेत सागवानी ठोकळ्याला भोके पाडून प्रत्येक बिटाला जागा दिली आहे. भिंतीच्या बिटांच्या मुळाशी लाल रंग लावून ती वेगळ्या डब्यात ठेवतो. ड्रिल हाती घेण्यापूर्वी विद्यार्थी लाकूड शिकंज्यात आवळतो. दुसरा हात लाकडावर ठेवण्यास आता मनाई आहे.