कामाकुराचें हाचिमान देवस्थान

टोकियोच्या नैर्ऋत्येस, आगगाडीनें सुमारें एका तासाच्या अंतरावर, समुद्रकांठीं कामाकुरा हें शहर वसलेलें आहे. तीन बाजूंस दाट झाडीच्या टेकड्या आणि चौथ्या बाजूस सागर, अशी त्याची रचना असल्यामुळें शत्रूला आंत शिरण्यास वाटा थोड्याच होत्या. म्हणूनच ११८० सालीं मिनामोतो घराण्याचा सेनानायक योरितोमो यानें येथें आपलें ठाणें केलें, आणि ११९२ सालीं शोगुन ही पदवी मिळाल्यावर लष्करी सत्तेचा सारा कारभार येथूनच चालूं लागला. सम्राट् क्योतोस राहिला. तलवार कामाकुरास आली. साताऱ्यास छत्रपति आणि पुण्यास पेशवे हा प्रकार ज्यांनीं इतिहासांत वाचला आहे, त्यांस ही व्यवस्था समजण्यास अडचण पडणार नाहीं.

त्या सत्तेचे वाडे आज राहिले नाहींत. राहिलें आहे तें त्सुरुगाओका हाचिमानगू हें देवस्थान. जपान पाहण्यास गेलेला प्रवासी बहुधा एका दुपारीं येथें येऊन जातो, आणि शिंतो धर्माचें एक प्राचीन मंदिर पाहिलें असें समाधान मानतो. तें समाधान खोटें नाहीं. पण अपुरें आहे. कारण जें उभें आहे त्यावरून या स्थळाची अर्धीच ओळख पटते. उरलेली अर्धी, जें पाडलें गेलें त्यावरून पटते.

देवस्थानाकडे जाणारा रस्ता थेट समुद्रकिनाऱ्याजवळून निघतो. वाकामिया-ओजी हें त्याचें नांव. त्यावर एकामागून एक अशा तीन 'तोरी' लागतात. तोरी म्हणजे दोन उभे खांब आणि त्यांवर दोन आडव्या तुळया अशी कमान. तिला दार नाहीं, भिंत नाहीं. येथपर्यंत व्यवहाराचें जग आणि येथून पुढें देवाचें, एवढेंच ती सांगते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत या तोरी कोसळल्या व पुढें पुन्हां उभ्या करण्यांत आल्या. दुसऱ्या तोरीपासून रस्त्याच्या मधोमध दानकाझुरा नांवाची उंच पायवाट सुरू होते. तिच्या दोहों बाजूंस चेरीचीं झाडें आहेत. योरितोमोची पत्नी मासाको गरोदर असतां तिची प्रसूति सुखरूप व्हावी म्हणून ११८२ सालीं ही वाट बांधण्यांत आली. देवस्थान जवळ येतें तशी ती अरुंद होत जाते, आणि त्यामुळें समुद्राच्या बाजूनें पाहणारास ती आहे त्याहून लांब भासते.

तिसऱ्या तोरीच्या आंत पाऊल टाकण्यापूर्वीं भाविक किंचित् वांकून नमस्कार करतो, आणि वाटेच्या कडेकडेनें चालतो. मधला भाग देवाच्या जाण्यायेण्याचा समजतात. पुढें पाण्याचें दगडी कुंड असतें. तेथें आधीं डावा, मग उजवा हात धुवावयाचा आणि चूळ भरावयाची. नंतर देवापुढें दानपेटींत एखादें नाणें टाकून दोन वेळां वांकावयाचें, दोन टाळ्या वाजवावयाच्या आणि पुन्हां एकदां वांकावयाचें. घंटा, फुलें, नैवेद्य घेऊन देवळांत जाण्याची ज्यांस संवय आहे त्यांस हा विधि फार थोडका वाटेल. शिवाय डोळे भरून पाहावी अशी मूर्तिही समोर नसते. देवतेचें अधिष्ठान मानलेली वस्तु गाभाऱ्यांत झांकलेली असते, आणि दर्शन म्हणजे देवाला पाहणें नव्हे, तर त्याच्यासमोर उभें राहणें, असाच येथील अर्थ आहे.

हा देव हाचिमान. प्राचीन काळचा सम्राट् ओजिन याचें तें दैवी रूप असें मानतात. मिनामोतो घराण्याचें तें कुलदैवत आणि पुढें एकंदर योद्ध्यांचेंही. १०६३ सालीं योरितोमोचा पूर्वज योरियोशी यानें क्योतोजवळच्या इवाशिमिझू येथील देवस्थानांतून या देवाला येथें आणून समुद्राजवळ स्थापिलें. ११८० सालीं योरितोमोनें तें स्थान टेकडीच्या पायथ्याशीं हलविलें, आणि ११९१ च्या आगीनंतर टेकडीवर नवें मंदिर बांधविलें. आज दिसणारें वरचें तांबडें मंदिर मात्र १८२८ सालचें, तोकुगावा घराण्यांतील शोगुन इएनारी याच्या काळचें आहे. त्याच्या दारावरील फलकाकडे नीट पाहावें. 'हाचिमान' या नांवांतील पहिलें अक्षर, म्हणजे आठ हा अंक, तेथें दोन कबुतरांच्या आकृतींनीं काढलेला आहे. युद्धदेवतेचा दूत म्हणून जपानी लोकांनीं कबुतर निवडलें आहे.

खालच्या अंगणांत एक उघडें नृत्यमंडप आहे. त्याच्याशीं शिझुका या नर्तकीची कथा निगडित आहे. योरितोमोचा धाकटा भाऊ योशित्सुने यानें ११८५ सालीं तायरा घराण्याचा निःपात करून थोरल्या भावास यश मिळवून दिलें. पण तेंच यश संशयास कारण झालें आणि त्याला जीव घेऊन पळावें लागलें. त्याची प्रिया शिझुका पकडली गेली. ११८६ सालीं या देवस्थानांत योरितोमोसमोर नृत्य करण्याची तिच्यावर सक्ति झाली. त्याची स्तुति गाण्याऐवजीं तिनें पळालेल्या योशित्सुनेच्याच आठवणीचें गीत गाइलें. योरितोमो संतापला; परंतु मासाकोनें मध्यें पडून तिला वांचविलें. शिझुकाच्या पोटीं पुढें मुलगा झाला. तो मात्र वांचला नाहीं. शत्रूचा वंश म्हणून त्याला जन्मतांच मारण्यांत आलें. आजही एप्रिल महिन्याच्या उत्सवांत या मंडपांत शिझुकाचें नृत्य होतें, आणि ज्यानें तिला नाचविलें त्याच्या राजधानीचे लोक तिचेंच कौतुक करतात.

मंडपाच्या मागें एकसष्ट दगडी पायऱ्या वरच्या मंदिराकडे चढतात. मासाकोचा पुत्र सानेतोमो हा तिसरा शोगुन. तो नामांकित कवि होता. १२१९ सालच्या हिवाळ्यांत, बर्फ पडलेलें असतां, रात्रीं देवदर्शन उरकून तो परतत होता, तोंच त्याचा पुतण्या कुग्यो यानें त्याच्यावर झडप घालून त्याचा शिरच्छेद केला. आपल्या बापाचा, म्हणजे दुसऱ्या शोगुनाचा, सूड घेतला असें कुग्योस वाटत होतें. त्याच रात्रीं तोही मारला गेला, आणि मिनामोतो शोगुनांचा वंश तेथेंच संपला. पायऱ्यांशेजारच्या प्रचंड गिंको वृक्षाआड कुग्यो दबा धरून बसला होता, असें परंपरा सांगते. जुन्या बखरींत त्या झाडाचा उल्लेख नाहीं. ती कथा पुष्कळ मागाहूनची आहे.

या कुग्योविषयीं एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तो बौद्ध भिक्षु होता, आणि या देवस्थानाचा मुख्य अधिकारीही तोच होता. शिंतो देवस्थानाचा प्रमुख बौद्ध भिक्षु कसा, हा प्रश्न आजच्या प्रवाशाला पडेल. त्या काळच्या जपानी माणसाला तो पडला नसता. हाचिमान या देवाला आठव्या शतकाच्या अखेरीपासून बोधिसत्त्व ही पदवी होती. कामाकुराच्या या आवारांत देवालयाबरोबर निओ या द्वारपालांचा दरवाजा, स्तूपासारखा मोठा मनोरा, बौद्ध ग्रंथांचें भांडार आणि होमशाळा, हीं सर्व शतकानुशतकें शेजारीं शेजारीं होतीं. देव आणि बुद्ध यांची पूजा एकाच माणसाच्या हातून होत असे, आणि त्यांत कोणास विसंगति वाटत नसे.

१८६८ सालीं शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नांवें नवें सरकार आलें. सम्राटाच्या दैवी वंशाचा आधार शिंतोंत असल्यामुळें शिंतो निर्भेळ असावा, असें त्या सरकारानें ठरविलें आणि देव व बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम सोडला. हाचिमानास बोधिसत्त्व म्हणण्याची बंदी झाली. कामाकुराचे भिक्षु भिक्षुपण सोडून शिंतो पुजारी बनले, आणि १८७० सालीं थोड्याच दिवसांत आवारांतील बौद्ध इमारती पाडण्यांत आल्या. निओंच्या मूर्ति जवळच्या जुफुकुजी या मठांत गेल्या. ग्रंथसंग्रह टोकियोच्या सेन्सोजी मंदिरांत गेला. बियातो या युरोपीय छायाचित्रकारानें त्यापूर्वीं कांहीं वर्षें घेतलेलीं चित्रें शिल्लक आहेत. त्यांत तो मनोरा दिसतो. आज त्या जागीं नुसतें आवार आहे.

या विभागणीची झळ एका भारतीय देवतेलाही लागली. प्रवेशाजवळ दोन तळीं आहेत: पूर्वेकडचें मिनामोतोंचें आणि पश्चिमेकडचें त्यांचे शत्रू तायरा यांचें. पहिल्यांत तीन बेटें आणि दुसऱ्यांत चार. जपानींत तीनचा उच्चार जन्माच्या अर्थाच्या शब्दासारखा आणि चारचा मृत्यूच्या शब्दासारखा होतो. तेव्हां हें गणित सहेतुक आहे असें सांगतात. पूर्वेकडच्या तळ्यांतील एका बेटावर बेन्झाइतेनचें लहानसें देऊळ आहे. ही बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांबरोबर ती भारतांतून चीनमार्गें जपानांत पोंचली. वाणी, संगीत आणि पाणी यांशीं असलेलें नातें तिनें तेथेंही सोडलें नाहीं. हातांतील वीणेच्या जागीं मात्र तिकडचें बिवा हें वाद्य आलें. बुद्धाबरोबर आलेली म्हणून तिलाही त्या हुकुमानंतर येथून जावें लागलें. तिचें देऊळ विसाव्या शतकांत पुन्हां बांधण्यांत आलें, आणि आज त्याच्याभोंवतीं भक्तांनीं वाहिलेलीं पांढरीं निशाणें फडफडत असतात.

सत्तेनें काढलेलें पुष्कळदां लोक परत आणतात; सर्वच मात्र परत येत नाहीं. १० मार्च २०१० रोजीं पहाटेच्या सोसाट्याच्या वाऱ्यांत पायऱ्यांशेजारचा तो गिंको मुळासकट कोसळला. सुमारें तीस मीटर उंचीचा आणि हजार वर्षांचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा वृक्ष पाडण्यास कोणाचाही हुकूम लागला नाहीं. जाणकारांनीं खोडाचा खालचा भाग कापून शेजारींच पुरला, आणि जमिनींत राहिलेलीं मुळें राखलीं. थोड्याच दिवसांत त्यांस कोंब फुटले. आतां तेथें कुंपणाच्या आंत जुना बुंधा आणि त्याच मुळांतून उगवलेलें कोंवळें झाड शेजारीं शेजारीं आहेत.

येथें दर्शन झाल्यावर प्रवाशानें लगेच स्टेशनाची वाट धरूं नये. पायीं थोडें चाललें कीं जुफुकुजी मठ लागतो. तो १२०० सालीं मासाकोनें स्थापिला. मागच्या टेकडींत खडक कोरून केलेल्या गुहा आहेत. त्यांतील दोन मासाको व सानेतोमो यांच्या समाध्या म्हणून दाखवितात. पायऱ्यांवर मारला गेलेला पुत्र, त्याची माता आणि देवस्थानाच्या दारांतून निघालेले द्वारपाल यांना त्याच मठाचा आश्रय मिळाला आहे. हुकुमानें देवालय आणि मठ वेगळे झाले खरे. परंतु जो दोन्हीं ठिकाणीं पायीं जाऊन येतो, त्याला तीं एकाच क्षेत्राचीं दोन अंगें आहेत हें कोणी सांगावें लागत नाहीं.