रोपाची पारख

कापड घेतांना तें चुरगळून पाहतां येतें, मडकें घेतांना तें वाजवून पाहतां येतें, ज्वारी घेतांना दाणा दाताखालीं चावून पाहतां येतो. मोसंबीचें कलम मात्र असा कोणताच पुरावा ग्राहकाच्या हातीं देत नाहीं. हातभर उंचीची हिरवी काडी, चार तजेलदार पानें आणि विकणाऱ्याचा शब्द, एवढ्यावर व्यवहार होतो. तो शब्द खरा कीं खोटा हें कळावयास चार-पांच वर्षें लागतात. आणि तोंवर बागाइतदाराची जमीन, पाणी, खत व मेहनत त्यांत गुंतून पडलेली असते. रोपवाटिकेच्या धंद्यापुढील बहुतेक प्रश्न या एका अडचणींतून निघतात.

कलम म्हणजे दोन झाडांचा एकत्र संसार होय. मोसंबीसाठीं जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचें बी पेरून खुंट तयार करितात, आणि तो पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे त्यावर निवडक मोसंबीच्या झाडाचा डोळा बांधतात. फळाचा गुण डोळ्यांतून येतो. जमिनीशीं झुंजण्याचा गुण खुंटांतून येतो. डोळा रोगट झाडाचा असेल तर ट्रिस्टेझासारखा विषाणुजन्य रोग त्याच्याबरोबरच नव्या रोपांत शिरतो. माती दूषित असेल तर मूळकुज येते. डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेला नसेल तर ओल सांध्यापाशीं राहून डिंक्या रोगास वाट मिळते. बागेचे कित्येक दोष अशा रीतीनें रोपवाटिकेंत जन्मतात आणि शेतांत उघडकीस येतात.

हें ओळखून महाराष्ट्रानें १९६९ सालीं फळरोपवाटिकांचें व फळरोपांच्या विक्रीचें नियमन करणारा कायदा केला. फळरोपांचा धंदा परवान्यानें चालावा आणि रोपाचें मूळ नोंदींतून सांपडावें, हा त्याचा हेतु. पुढें १९९० सालीं रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवडीची सांगड घालण्यांत आली आणि कलमांची मागणी एकाएकीं वाढली. मागणी एका हुकुमानें वाढते. मातृवृक्ष हुकुमानें वाढत नाहीं. ज्या झाडाच्या फांद्यांवरून डोळे घ्यावयाचे तें निरोगी, ओळखीचें व अनेक बहरांत पारखलेलें असावें लागतें. तेवढीं झाडें नसलीं म्हणजे डोळा कोठूनही आणला जातो, आणि वहींत मात्र नांव चांगल्या झाडाचें लिहिलें जाण्याचा धोका राहतो.

यांत खरी कुचंबणा होते ती प्रामाणिक धंदेवाल्याची. जो मातृवृक्ष सांभाळतो, उन्हाळ्यांत वाफ्यांवर प्लास्टिक पसरून सूर्याच्या उष्णतेनें माती शुद्ध करून घेतो आणि दुबळीं रोपें स्वतः उपटून टाकतो, त्याचें कलम महाग पडतें. शेजारचें स्वस्त कलम दिसावयास तितकेंच हिरवें असतें. ग्राहक केवळ भाव विचारून परतला, तर चांगलें रोप करण्याचा खर्च हा चांगलें रोप करणाऱ्यासच दंड होऊन बसतो.

छत्रपती संभाजीनगरास या विषयाचा वारसा जुना आहे. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली तेव्हां नहरींनीं पाणी आणून तें शहर जगविलें. दिल्ली दरवाजाजवळील हिमायत बाग ही मोगलकालीन बाग. तेथें परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे. शहराच्या मध्यांत एवढी मोकळी जागा कशाला, असा प्रश्न एखाद्याच्या मनांत सहज येईल. उत्तर असें कीं इमारत दोन वर्षांत उभी राहते, पण कलमासाठीं विश्वासानें डोळे द्यावयास योग्य असें झाड उभें राहण्यास अर्धी पिढी जाते. जुनी बाग ही या धंद्याची मुद्दल आहे. तीच मोडून खाल्ली तर व्याज कोठून यावयाचें?

दुसरा प्रश्न पाण्याचा. या भागांत वर्षाला सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरंवशाचा. बी पेरल्यापासून मोसंबीचें कलम विक्रीस येईपर्यंत दीड-दोन वर्षें जातात. म्हणजे रोपवाटिकेचा मालक दोन वर्षांनंतरच्या पावसावर आज पैसा लावतो. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या. अशा सालीं नवी लागवड कोण करणार? न विकलेलें रोप पिशवींतच वाढत राहतें, त्याचीं मुळें तळाशीं वेटोळीं घालतात, आणि पुढल्या वर्षीं तेंच रोप विकलें गेलें तर शेतांतही तें नीट मूळ धरीत नाहीं.

शहरांतील गृहस्थाचा अनुभव निराळा दिसतो, पण त्याचें मूळ तेंच आहे. शोभेचीं पुष्कळ रोपें आंध्र प्रदेशांतील कडियमसारख्या दमट हवेच्या मुलुखांतून देशभर जातात. सावलींत व ओलाव्यांत वाढलेलें रोप मराठवाड्याच्या वैशाखांत गच्चीवर ठेविलें कीं कोमेजतें, आणि घरांतील माणसें आपला हात वाईट म्हणून हळहळतात. हात वाईट नसतो. रोपाला इकडील ऊन सोसण्याची संवय लागलेली नसते. तें आठ-पंधरा दिवस अर्ध्या सावलींत ठेवून हळूहळू उन्हांत आणावें. बहावा, कांचन, आपटा, कडुनिंब हीं झाडें एकदां मूळ धरल्यावर थोड्या पाण्यांत तगतात. पण गिऱ्हाइकानें विचारल्याखेरीज विक्रेता तीं कशाला वाढवील?

म्हणून पारख ग्राहकानेंही शिकावयास हवी. फळझाडाचें कलम घेतांना परवाना पाहावा, खुंट कोणता व डोळा कोठला हें विचारावें, सांध्याची उंची पाहावी, पिशवीच्या तळाशीं मुळांचीं वेटोळीं आहेत काय तें तपासावें, आणि जातीचें नांव घातलेली पावती मागून घ्यावी. ती पावती पांच वर्षें जपावी. फळ हातीं येईल त्या दिवशीं विकणाऱ्याच्या शब्दाशीं तें ताडून पाहण्याचें साधन तेवढेंच असतें. आणि अशी पावती मागणारीं गिऱ्हाइकें वाढलीं, तरच खरें रोप करणाऱ्यास त्याच्या मेहनतीचें मोल मिळूं लागेल.