आधी पट्टी, मग रेडिएटर
परभणीचा मे म्हणजे पारा 44 च्या आसपास, त्यात घरावर पत्रे. मुलाला गेमसाठी छोट्या डब्याचा कॉम्प्युटर हवा होता. पाण्याने थंड करणारा रेडिएटर आम्ही 280 चा आणला. डब्यात बसेना, दुकानदार परत घेईना. मुलाच्या आईचे भिशीचे पैसे होते ते!

तेव्हा वाचकहो, आधी पट्टीने मोजा. 240 मिलिमीटरचा रेडिएटर प्रत्यक्षात सुमारे 275 लांब भरतो, पंख्यांसह जाडी 52 च्या आसपास. कूलरमधले पाणी उडून जाते, म्हणून हवा गार होते. हे पाणी बंद नळीत फिरते. खोलीतल्या हवेहून गार होतच नाही. म्हणून एका पंख्याच्या 120 वर इथे भिस्त ठेवू नये. 280 चे क्षेत्रफळ 240 पेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, पण जागा हवी ना! आम्ही शेवटी 240 बसवला आणि डबा खिडकीपाशी, सावलीत ठेवला.