आपल्याच मुलाचे अपहरण? सीमेपलीकडच्या ताब्याच्या वादांतील गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशात संसार मोडला आणि पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाला घेऊन मायदेश गाठला, की उभा राहणारा वाद मूल आईकडे राहावे की वडिलांकडे याविषयीचा असतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्याआधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो म्हणजे या मुलाविषयी निर्णय देण्याचा अधिकार कोणत्या देशाच्या न्यायालयाचा. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच बाकीचे बहुतेक गैरसमज निर्माण होतात, आणि त्यांवर विसंबून टाकलेल्या पावलांचे परिणाम ज्याचे मत कोणी विचारलेले नसते त्या मुलाला भोगावे लागतात.

या विषयावरचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे झाला आणि आज शंभराहून अधिक देश त्यात सामील आहेत. हा करार ताब्याचा निवाडा करतो, हा त्याच्याविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज होय. सोळा वर्षांखालील मुलाचे ‘नेहमीचे वास्तव्य’, म्हणजे त्याचे घर, शाळा, सवंगडी आणि दैनंदिन आयुष्य ज्या देशात रुजलेले आहे तो देश, निश्चित करून मुलाला तेथे परत पाठवणे एवढेच या कराराचे काम आहे. परतीचा आदेश म्हणजे ताब्याविषयीचा निर्णय नव्हे, असे त्याच्या एकोणिसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. मुलाला चोरून नेणे तेवढेच बेकायदा, सुट्टीसाठी संमतीने आणून नंतर परत न पाठवणे मात्र चालते, हीही समजूत चुकीची आहे, कारण करार या दोन्ही कृतींना सारखेच लेखतो. मुलाचे नागरिकत्व किंवा त्याच्या पारपत्राचा रंग यांवरही निकाल अवलंबून नसतो. अमेरिकेत जन्मलेले मूल केवळ तेवढ्यावरून अमेरिकेत परत जाते असे नाही, आणि भारतीय पारपत्र असल्यामुळे ते भारतातच राहते असेही नाही.

‘स्वतःच्या मुलाला नेणे हे अपहरण कसे होईल?’ हा प्रश्न भारतात अगदी सहज विचारला जातो, आणि भारतीय फौजदारी कायद्याच्या चौकटीत तो निराधारही नाही. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना नैसर्गिक पालकाने आपल्या मुलाला सोबत नेले, तर तो सर्वसाधारणपणे अपहरणाचा गुन्हा मानला जात नाही. मात्र अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्यानुसार दुसऱ्या पालकाच्या हक्कांत अडथळा आणण्याच्या हेतूने मुलाला देशाबाहेर नेणे किंवा बाहेर ठेवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. परिणामी एकच व्यक्ती एका देशात निर्दोष आणि दुसऱ्या देशात आरोपी ठरू शकते, तिला अटकेच्या भीतीने परत जाता येत नाही आणि ही भीतीच पुढे मूल परत न पाठवण्याचे कारण म्हणून न्यायालयात मांडली जाते.

हेग करार म्हणजे हिंसाचाराला कंटाळून आलेल्या आईच्या हातून मूल हिसकावून घेणारी यंत्रणा होय, हा आक्षेप मात्र एवढ्याने निकालात काढण्यासारखा नाही. करार आखला जात होता तेव्हा डोळ्यांपुढे असलेले चित्र ताबा न मिळालेल्या आणि म्हणून मुलाला पळवून नेणाऱ्या वडिलांचे होते. व्यवहारात मात्र मुलाला घेऊन जाणाऱ्यांत बहुसंख्य माता असल्याचे आढळले, आणि त्यांतील अनेकींनी घरगुती छळाचे कारण पुढे केले. कराराच्या तेराव्या कलमात परतीमुळे मुलाला शारीरिक वा मानसिक इजेचा गंभीर धोका असल्यास परत पाठवणे नाकारण्याची मुभा आहे, त्यामुळे परत पाठवणे प्रत्येक वेळी अटळ असते असे नाही. परंतु हा अपवाद मुलाच्या धोक्याविषयी बोलतो, आईच्या धोक्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही, आणि अनेक देशांची न्यायालये त्याचा अर्थ संकुचित लावत आली आहेत. आईवरचा हिंसाचार रोज पाहणारे मूल सुरक्षित आहे असे मानणे ही या रचनेतील खरी उणीव आहे, आणि भारताने करारापासून दूर राहण्यामागे हीच चिंता प्रामुख्याने मांडली गेली आहे.

भारत करारात सामील नाही, म्हणून भारतात आणलेले मूल परत जाऊच शकत नाही, असे अनेक अनिवासी कुटुंबांत ठामपणे सांगितले जाते. पुण्याशी निगडित एका प्रकरणाने हा समज फार पूर्वीच खोटा ठरवलेला आहे. मिशिगनमधील न्यायालयाने मुलाचा ताबा आईकडे दिलेला असताना वडिलांनी भेटीच्या हक्काचा गैरफायदा घेऊन जानेवारी १९८६ मध्ये त्याला भारतात आणले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आईच्या स्वाधीन करून अमेरिकेत नेण्याची परवानगी दिली. याउलट १९९७ मध्ये निकाल लागलेल्या मुंबईच्या एका प्रकरणात आईने वर्षाचेही न झालेले मूल अमेरिकेतून आणले होते, ते बारा वर्षांहून अधिक काळ येथेच वाढले होते, आणि न्यायालयाने त्याला आईपासून दूर करण्यास नकार दिला. दोन्ही निकालांमागचे तत्त्व मुलाच्या हिताचेच होते. तरीही मधल्या काळात किती वर्षे गेली याने निकालाची दिशा ठरवली, हे नाकारता येणार नाही. हेग करारात मुलाच्या परतीच्या अर्जाचा निकाल सहा आठवड्यांत लागावा अशी अपेक्षा आहे. वेळकाढूपणा करणाऱ्या पालकाला वेळेचाच लाभ मिळतो, ही भारतातील व्यवस्थेची सर्वांत गंभीर त्रुटी होय.

परदेशी न्यायालयाचा आदेश हाती आला म्हणजे भारतीय पोलीस मूल आणून देतील, ही उलट बाजूची भाबडी समजूतही तितकीच घातक ठरते. असा आदेश येथे आपोआप अंमलात येत नाही. पालक बहुधा उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज, म्हणजे संबंधित व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारा अर्ज, दाखल करतो, आणि न्यायालय परदेशी आदेशाला ‘परस्पर सौजन्य’ या तत्त्वानुसार, म्हणजे एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्या देशाच्या न्यायालयाचा ठेवावयाचा मान म्हणून, वजन देते. ज्या न्यायालयाने प्रथम परिणामकारक आदेश दिला त्याला प्राधान्य द्यावे, असा कल २०१५ मध्ये दिसला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मागे सारून परदेशी आदेश हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक आहे, निर्णायक बाब मुलाचे हित हीच, असे ठरवले. त्यानंतरही २०१९ आणि २०२० मध्ये मुलांना अमेरिकेत परत पाठवण्याचे निकाल झालेच आहेत.

पाच वर्षांखालचे मूल आईकडेच राहते, हा समज १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यावरून आला आहे, पण तेथे ‘सामान्यतः’ असे म्हटले आहे आणि त्याच कायद्याचे तेरावे कलम मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देते.

विधी आयोगाने २००९ मध्ये करारात सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये त्यासाठीच्या विधेयकाचा सुधारित मसुदा सुचवला, आणि २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने असे वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना मांडली. कायदा मात्र झाला नाही. ही पोकळी न्यायालये ‘मिरर ऑर्डर’च्या साहाय्याने भरून काढतात. येथील न्यायालयाने घातलेल्या अटींचे जसेच्या तसे प्रतिबिंब असलेला आदेश दुसऱ्या देशातील न्यायालयाकडून आधी मिळवायचा आणि मगच मूल पाठवायचे, असा हा मार्ग आहे. केनियाशी संबंधित एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये याच अटीवर मुलाचा ताबा वडिलांकडे दिला, परंतु सादर झालेल्या आदेशाच्या खरेपणाविषयी गंभीर प्रश्न उभे राहिल्याने २०२१ मध्ये न्यायालयाला आपला निर्णय मागे घ्यावा लागला, आणि तोवर मूल देशाबाहेर गेलेले होते. करारातील प्रत्येक देशाला एक मध्यवर्ती प्राधिकरण नेमावे लागते, आणि परस्परांशी संपर्क ठेवून मुलाचा ठावठिकाणा शोधणे व त्याच्या सुरक्षित परतीची व्यवस्था करणे ही त्याची जबाबदारी असते. भारतात अशा कामासाठी जबाबदार धरता येईल असे एकही कार्यालय आज कायद्याने अस्तित्वात नाही.