बिदरी काम : दोन नक्षींचा मिलाफ, एक हुनर

मराठवाड्याच्या सीमेलगतचे बिदर शहर काळ्या धातूवरील चांदीच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला हलविली, तेव्हा इराणहून आलिम, व्यापारी व कारागीर येथे आले. धातूत चांदी बसविण्याचा हुनर त्यांच्याबरोबर आला असे सांगतात. मात्र त्याला काळा रंग दिला तो दख्खनच्या मातीने.

जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू वाळूच्या साच्यात ओततात. कानशीने घासून तिला मोरचुदाचे पाणी लावले की ती तात्पुरती काळी पडते व कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. त्या खाचेत चांदी ठोकून बसवितात. तारेच्या कामाला तारकशी, तर पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. शेवटी बिदर किल्ल्यातील ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागरात कालवून गरम वस्तूवर चोळतात. जस्त काळे होते, चांदी मात्र पांढरीच राहते.

नक्षीतही हाच मिलाफ आहे. इराणी वेलबुट्टी, खसखशीचे फूल आणि अरबी हरफ यांच्या शेजारी कमळ, मोर व अजिंठ्याची चित्रे आली. म्हणूनच कुरआनची आयत असलेले तबक एका घरात जाते, तर कमळाची डबी दुसऱ्या घरात. कारागीर एकच, गिऱ्हाईक मात्र दोन्हींकडचे. बाजार टिकला तो यामुळेच.

हुक्क्याच्या भांड्यांची जुनी मागणी आता राहिली नाही. आज फुलदाण्या, दागिने, पेनस्टँड अशा वस्तू खपतात. येथे व्यापारी बांधवांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. काळा रंग फासलेला माल बिदरी म्हणून विकू नये. बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; शिवाय खोट्या मालाची कमाई हलाल नव्हे. चांदीचे वजन व मजुरी बिलात वेगवेगळी दाखवावी, म्हणजे चांदी महागली तरी कारागिराची मजुरी कापली जाणार नाही. आयत कोरायची ती भिंतीवरच्या तबकावर. राखदाणीवर किंवा पायाशी येणाऱ्या वस्तूवर कधीही नको.

बिदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु उस्तादाचा मुलगा टाकी हाती धरील तो मानाकडे पाहून नव्हे, तर वेळेवर मिळणाऱ्या रास्त मजुरीकडे पाहून. ती देणे व्यापाऱ्याच्याच हाती आहे.