राज्यसभेचा सभासद

१३ मे १९५२ रोजी दिल्लीच्या वर्तुळाकार संसदभवनात नव्या संविधानानुसार बनलेल्या संसदेचे काम सुरू झाले. एका सभागृहात देशभरच्या मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसले, ती लोकसभा. त्याच दिवशी, त्याच इमारतीत दुसऱ्या सभागृहाचीही पहिली बैठक भरली. उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे त्याचे सभापती होते. तेथे २१६ सभासद होते आणि त्यांतील काहींची नावे राजकारणाच्या वार्तांत क्वचितच आढळणारी होती. अणूच्या अंतरंगाचा विचार करणारे शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस तेथे होते. नट पृथ्वीराज कपूर होते. हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त होते. भरतनाट्यम् नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. यांपैकी एकानेही मतांसाठी गावोगाव सभा घेतल्या नव्हत्या. मग ही माणसे तेथे आली कशी, आणि तेथे बसून त्यांनी करावयाचे तरी काय?

या सभागृहास प्रारंभी राज्यपरिषद म्हणत. २३ ऑगस्ट १९५४ रोजी त्यास ‘राज्यसभा’ हे नाव मिळाले. नावातच त्याचे प्रयोजन आहे. लोकसभेत जनता बोलते, तर येथे राज्ये बोलतात. १९५२ साली २१६ पैकी २०४ सभासद राज्यांकडून आले. उत्तर प्रदेशास ३१ जागा होत्या, मुंबई राज्यास १७, तर चिमुकल्या कच्छास एकच. लोकसंख्या पाहून हे आकडे ठरविलेले होते. अमेरिकेत मात्र राज्य लहान असो वा मोठे, तेथील सेनेटमध्ये प्रत्येकास दोनच जागा असतात.

राज्यांच्या जागांसाठी मत देतात ते विधानसभेचे आमदार. त्यांची मत देण्याची रीत मोठी कल्पक आहे. समजा, एका विधानसभेत ८० आमदार आहेत आणि ३ जागा भरावयाच्या आहेत. साध्या बहुमताची रीत ठेवली, तर ४१ आमदारांचा गट तिन्ही जागा पटकावील आणि उरलेल्या ३९ जणांच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून येथे प्रत्येक आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आपल्या पसंतीचे आकडे लिहितो. तीन जागांत एक मिळवून चार. ८० ला चाराने भागले की २०. त्यांत एक मिळविला की २१. ज्यास २१ मते पडली, तो निवडून आला. त्यास २१ हून अधिक मते मिळाली, तर जास्तीची मते वाया न जाता मतदाराच्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. अशा रीतीने २१ जणांच्या लहान गटासही आपला एक माणूस दिल्लीस पाठविता येतो. त्या काळी हे मतदान गुप्त असे. २००३ सालापासून आमदारास आपली मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते.

याच मार्गाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेत गेले. संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष. पण पहिल्या लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. त्यांच्यासारख्या विद्वानाचा आवाज संसदेबाहेर राहिला असता, तर हानी संसदेचीच झाली असती.

उरलेले १२ सभासद राष्ट्रपती नेमतात. साहित्य, शास्त्र, कला व समाजसेवा या क्षेत्रांत ज्यांचे ज्ञान वा अनुभव विशेष आहे, अशांसाठी या जागा आहेत. बोस, कपूर, गुप्त, रुक्मिणीदेवी हे सर्व येथलेच. साताऱ्यास जन्मलेले आणि गुजराती भाषेचे थोर लेखक झालेले काकासाहेब कालेलकर हेही पहिल्या बारांत होते. पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर यांचीही अशीच नेमणूक झाली.

राज्यसभेच्या सभासदाचे वय निदान ३० वर्षांचे असावे लागते आणि त्याची मुदत ६ वर्षांची असते. लोकसभा विसर्जित होते. राज्यसभा कधीच होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात व त्यांच्या जागी नवे येतात. परंतु १९५२ साली तर सर्वच सभासद एकदम आलेले. मग आधी कोणी जावे? याचा निवाडा चिठ्ठ्या टाकून झाला! कोणाच्या वाट्यास दोन वर्षे आली, कोणाच्या चार, कोणाच्या पुरी सहा. पृथ्वीराज कपूर यांची मुदत १९५४ सालीच संपली. त्यांची पुन्हा नेमणूक झाली म्हणून ते राहिले. आंबेडकर व रुक्मिणीदेवी यांच्या वाट्यास चार वर्षे आली.

राज्यसभेला ‘वरिष्ठ सभागृह’ म्हणण्याची चाल आहे, पण ती थोडी फसवी आहे. पंडित नेहरूंनी मे १९५३ मध्ये राज्यसभेतच सांगितले, की एका सभागृहाला वरचे व दुसऱ्याला खालचे म्हणणे बरोबर नव्हे. दोन्ही मिळून संसद होते. पैशाच्या बाबतीत तर लोकसभेचाच शब्द अखेरचा असतो. धन विधेयक राज्यसभेस फेटाळता येत नाही. चौदा दिवसांच्या आत काय त्या सूचना करावयाच्या. इतर विधेयकांवर दोहोंचे एकमत झालेच नाही, तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरते. असा पहिला प्रसंग हुंडाबंदीच्या विधेयकावर आला. ६ व ९ मे १९६१ रोजी दोन्हीकडचे सभासद एकत्र बसले आणि हुंडा देणे व घेणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी झाला. मात्र अशा बैठकीत लोकसभेचे सभासद राज्यसभेच्या सुमारे दुप्पट असतात. म्हणजे मते मोजण्याची वेळ आली, की राज्यसभेचे बळ तोकडे पडते. तिच्या सभासदास बोलून, पटवून, मन वळवूनच काम साधावे लागते. पाठीशी पक्षही नसलेल्या नियुक्त सभासदाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे.

रुक्मिणीदेवींची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मद्रासजवळ अड्यार येथे १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापिली होती. साहजिकच त्या सभागृहात नृत्यकलेविषयी बोलतील, असे कोणासही वाटले असते. त्यांनी विषय निवडला तो मुक्या जनावरांचा. जखमी खांद्यावर जू घेऊन गाडी ओढणारा बैल, पाठीवर न पेलणारे ओझे वाहणारे गाढव, अंग वळविण्यासही जागा नसलेल्या पिंजऱ्यातला पक्षी, प्रयोगशाळेत वेदना सोसणारे प्राणी. यांची दाद कोणी घ्यावी? इंग्रजी अमदानीतला १८९० सालचा एक कायदा होता, पण तो अपुरा पडत होता. रुक्मिणीदेवींनी स्वतःच एक विधेयक राज्यसभेपुढे मांडले. सरकारबाहेरील सभासदांनी मांडलेली विधेयके सहसा मंजूर होत नाहीत. हेही झाले नाही. परंतु चर्चेच्या वेळी नेहरूंनी त्यांच्या हेतूविषयी सहानुभूती दाखविली, सरकार स्वतः या विषयावर कायदा करील असे आश्वासन दिले आणि विधेयक मागे घेण्याची विनंती केली. त्यांनी ते मागे घेतले.

त्यानंतर कित्येक वर्षे गेली. दिलेले आश्वासन विसरले जाण्यास तेवढा काळ पुरेसा असतो. १९५६ साली रुक्मिणीदेवींची मुदत संपली, पण त्यांची पुन्हा नेमणूक झाली आणि त्यांनी हा विषय सोडला नाही. अखेर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने केला. जनावरास मारहाण करणे, आजारी वा जखमी जनावरास कामास जुंपणे, पाळलेल्या प्राण्यास उपाशी ठेवणे हे त्याने गुन्हे ठरले. प्राण्यांवरील प्रयोग त्याने सर्वस्वी बंद केले नाहीत. त्यांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची सोय मात्र केली. या कायद्यान्वये १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्यांच्या राज्यसभेच्या सभासदत्वाची मुदतही त्याच वर्षी संपली.