गाळातली पंगत

दुर्बीण गळ्यात अडकवली? टोपी घेतली? ते लालभडक जॅकेट मात्र काढा बरं! मातकट नाहीतर हिरवं काहीतरी चढवा. आणि स्वेटर हवाच हवा. आपण निघालोय निफाड तालुक्यात! हो, तेच निफाड. थंडीत ज्याचा पारा घसरल्याची बातमी हमखास असते, तेच!

बसच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, कांदा, ऊस. जरा डोळा लागतो न लागतो, तोच चापडगाव आलं. उतरा पटापट! हे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य. नाशिक जिल्ह्यातल्या गोदावरी आणि कादवा या दोन नद्या इथेच एकमेकींना भेटतात.

आता एक गंमत सांगू? हे पाणी पक्ष्यांसाठी अडवलेलंच नव्हतं मुळी!

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथे नदीवर बंधारा बांधला. कशासाठी? शेतीला पाणी मिळावं म्हणून. पण पावसाळ्यात नदी काही एकटी येत नाही. डोंगरावरची, शेतातली माती ती सोबत घेऊन येते. पाणी वाहत असतं तोवर माती त्याच्याबरोबर पळते. पाणी थांबलं, की माती खाली बसते. खोटं वाटतं? घरी काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर माती ढवळा आणि ग्लास तसाच ठेवून द्या. थोड्या वेळाने तळाला काय दिसतंय?

तोच गाळ! इथे तो वर्षानुवर्षं साचत गेला. पाणी साठवायची जागा मातीनेच भरायला लागली. बंधाऱ्याच्या हिशेबाने हे नुकसानच की! पण पक्षी? पक्षी खूश!

कारण गाळाने तळ सपाट राहू दिला नाही. कुठे छोटंसं बेट तयार झालं. कुठे नुसता चिखल. कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे गुडघ्याएवढं, कुठे खोल डोह. मधूनमधून गवत आणि पाणवनस्पती. अशा जागेला म्हणतात पाणथळ. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची एक यादी आहे. इराणमधल्या रामसर गावात १९७१ साली देशादेशांमध्ये जो करार झाला, त्याची ही यादी. तिच्यात महाराष्ट्रातलं पहिलं नाव आलं ते आपल्या नांदूरमध्यमेश्वरचं! २०२० साली ही बातमी जाहीर झाली.

चला, आता पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढू. हळू! धावायचं नाही, ओरडायचं नाही. ‘अय्या, तो बघ!’ हेसुद्धा कुजबुजतच म्हणायचं.

दुर्बिणीतून नुसतं धुरकट दिसतंय ना? सगळ्यांचं पहिल्यांदा तसंच होतं. ही युक्ती करा. आधी साध्या डोळ्यांनी पक्षी शोधा. नजर त्याच्यावरून अजिबात हलवायची नाही. आता दुर्बीण तशीच उचलून डोळ्यांपुढे आणा आणि मधलं चाक हळूच फिरवा. दिसला? कसा एकदम नाकासमोर आला!

आता समोर बघा. शेकडो पक्षी, आणि पाणी एकच. मग खाण्यावरून भांडणं कशी होत नाहीत?

समजा, लग्नाच्या पंगतीत एकाला फक्त वरणभात आवडतो, दुसऱ्याला फक्त जिलबी, तिसऱ्याला फक्त भजी. कोण कोणाच्या पानात हात घालेल? इथेही बरंचसं तसंच आहे. ज्याची चोच जशी, तसं त्याचं पान!

तो पांढराशुभ्र उंच पक्षी पाहा. चोचीचं टोक चपटं, गोल. हा चमचा! हेच त्याचं नाव. तो चोच किंचित उघडून पाण्यात बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालतो. गढूळ पाण्यात त्याला मासा दिसतो तरी कसा? दिसतच नाही! बघायची गरजच नाही त्याला. त्याच्या चोचीला आतून स्पर्श कळतो. काही हललं रे हललं, की चोच फट्‌कन बंद!

आणि ते हिरव्या डोक्याचं बदक? त्याची चोच त्याच्या डोक्यापेक्षाही मोठी वाटते. हा थापट्या. थंडीपुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा. त्याच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक बारीक दात असतात. चोचीत पाणी घ्यायचं, कडेने बाहेर सोडायचं. पाणी गेलं, बारीक किडे आणि बिया आत राहिल्या! कधी कधी बरेच थापट्ये मिळून गोल गोल फिरतात. खेळ नाही हं तो! पाणी ढवळलं, की खालचा खाऊ वर येतो.

माझा सगळ्यात लाडका मात्र तो पलीकडचा, उघड्या चोचीचा बलाक. दुर्बिणीतून त्याची चोच नीट बघा. वरचा भाग आणि खालचा भाग, मधोमध चक्क फट! चोच मिटली तरी पलीकडचं आकाश दिसतं. बिचाऱ्याची चोच वाकडी झाली म्हणायची का? छे! त्याला आवडतात गोगलगायी, त्याही पाण्यातल्या. शंख पकडायचा, चोचीचं अणकुचीदार टोक आत घालायचं आणि मऊ मांस अलगद बाहेर काढायचं. शंख फोडायचीही गरज नाही बहुतेक वेळा. आणि आता खरं आश्चर्य! त्याच्या पिल्लाच्या चोचीला फट नसतेच. पिल्लू मोठं होतं, तशी ती पडत जाते.

बरं, कोणी कुठे उभं राहायचं, हे कोण ठरवतं? पाय! तो काळ्या पंखांचा, लांबच लांब गुलाबी पायांचा पक्षी म्हणजे शेकाट्या. बदकं तरंगतात, हा चालत जातो. पण चालताना त्याचा गुडघा बघा. अरेच्चा! हा तर मागे वाकतोय! आपला गुडघा कसा पुढे वाकतो?

ओळखा पाहू काय गडबड आहे ते. ओळखता येत नाही? मग उभे राहा आणि टाचा उचला. फक्त चवड्यांवर! आता आपल्या टाचेकडे बघा. जमिनीपासून वर उचललेली, मागच्या बाजूला. शेकाट्याचा तो ‘गुडघा’ म्हणजे त्याची टाच आहे! तो जन्मभर बोटांवरच चालतो. मग खरा गुडघा कुठाय? वर, पिसांमध्ये लपलेला! आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. शेकाट्याच नाही, बगळा, कोंबडी, घरासमोरची चिमणी, सगळ्यांचं असंच. रोज बघतो आपण चिमणी, आणि कधी लक्षातच येत नाही!

त्या वाळक्या फांदीवर कोण बसलंय पंख पसरून? पाणकावळा! पंख वाळवत बसलाय. बदक पाण्यातून बाहेर आलं की पाणी घरंगळून जातं, कारण शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल ते चोचीने पिसांना चोपडतं. मग पाणकावळाच एवढा का भिजतो? त्याच्या पिसांची ठेवणच अशी, की त्यांत पाणी शिरतं. आणि ते त्याच्या फायद्याचंच आहे! कोरड्या पिसांत हवा साठते. हवा वर ढकलते. याला तर माशांमागे खाली जायचंय. म्हणून भिजायचं, बुडी मारायची, मासा गिळायचा आणि मग असं ऊन खात बसायचं. मज्जाय की नाही!

चला, आता वही-पेन काढा. वनखातं इथे पक्षीगणना करतं. आपणही करू! ते काळे पक्षी दिसतात ना, कपाळावर पांढरा ठिपका असलेले? ते वारकरी. बदकासारखे पोहतात, पण ते बदक नव्हेत. त्यांच्या बोटांना पातळ पाळ्या असतात, फुलाच्या पाकळ्यांसारख्या.

पण एवढे सगळे मोजायचे कसे? एकेक मोजत बसलात तर संध्याकाळ होईल. आधी नीट १० मोजा. १० पक्षी केवढी जागा घेतात, ते डोळ्यांत भरून घ्या. मग तेवढे तेवढे तुकडे थव्यावर मनातल्या मनात ठेवत जा. १०, २०, ३०... छान! पुढचा तुकडा तुमच्या मित्राकडे. ११०, १२०...

थांबा! वारकरी असे एकमेकांना चिकटायला का लागलेत? वर बघा, वर! पंख तिरके धरून पाण्यावरून येतोय तो दलदल भोवत्या. शिकारी!

आणि सुटले सगळे! वारकऱ्यांना बसल्या जागेवरून उडता येत नाही. आधी पाण्यावरून धावावं लागतं. थाप थाप थाप थाप! सगळीकडे पाणीच पाणी उडालं. मोजलेले न मोजलेल्यांत मिसळले, न मोजलेले बेटामागे पळाले.

कितीवर होतो आपण? १२०? खोडा ते. पुन्हा १० पासून!